दोर मागच्या खुंटीला का?

अल-अताया, करकेन्ना बेटे
४ एप्रिल १९९४

आदरणीय सी अल्लाला,

आपल्या बहिणीच्या, माझ्या मब्रूकाच्या, मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसासाठी आपण एवढा प्रवास करून आलात आणि तीन दिवस राहिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. निरोप घेताना मी हे बोलायला हवे होते. ते राहून गेले. फोनवर आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

प्रश्न मब्रूकाच्या होडीचा आहे. बंदर कचेरीने कळवले आहे की होडी माझ्या नावावर करायची असेल तर तीस जूनपूर्वी मी स्वतः ती खाडीच्या तोंडापर्यंत न्यावी, तेथे नांगर टाकावा, इंजिन बंद करून अर्धा तास थांबावे आणि परत आणावी. सोबत कचेरीचा एक अधिकारी बसेल. हे न जमल्यास होडी विकावी लागेल. आमच्या मुलीने, सिहेमने सूसहून एक गिऱ्हाईकही पाठवले होते. मी त्याला कॉफी पाजून परत पाठवले. होडी विकण्याची माझी इच्छा नाही. अर्जातील 'कारण' या रकान्यात मी 'वैयक्तिक' असे लिहिले आहे.

इंजिन चालवणे मला धक्क्यावरील मासेमार खमैसने शिकवले. आपला बालमित्र म्हणून तो मला सवलत देईल अशी माझी समजूत होती. ती खोटी ठरली. परंतु होडीची रीतसर पाहणी करताना एक गोष्ट आढळली. नांगराचा दोर मागच्या बाजूला, इंजिनाच्या डावीकडील खुंटीला बांधलेला आहे. पुढच्या टोकावरील लोखंडी कडीवर दोर घासल्याची एकही खूण नाही. तिच्यावरचा निळा रंग जसाच्या तसा आहे. धक्क्यावर मी एकतीस होड्या तपासल्या. सर्वांचा दोर पुढे आहे.

खमैसला विचारले तेव्हा तो हसला. म्हणाला, "चोवीस वर्षं त्याच होडीत बसताय, उस्ताद, आणि दोर कुठं आहे ते आज दिसलं होय?"

हे बोलणे मला लागले, पण ते अयोग्य नव्हते. दर रविवारी मी पुढे, इंजिनाकडे पाठ करून बसत असे आणि विद्यार्थ्यांच्या वह्या तपासत असे. पाठीमागे काय होते, ते मी पाहिले नाही.

समुद्र तिला आपण आणि आपल्या वडिलांनी शिकवला. तिने दोर मागे का बांधला असावा?

आपला,
नूरी

*

बिझर्त
१३ एप्रिल

सी नूरी,

पत्र मिळालं. अक्षर बघून आमची ही, फाटमा, म्हणाली, कोर्टातून काही आलंय का?

होडी विकू नका. बरं केलंत. पण उस्ताद, तुम्ही आणि खाडीचं तोंड! तुम्हाला तर लूद बोटीवर, सफाक्सला जाताना, चक्कर यायची. आता चक्कर येत नाही का, की येते आणि सांगत नाही?

दोर मागं का, ते सोडा. असेल काहीतरी. बायकांचं काय सांगावं. तुम्ही तो सोडा आणि पुढच्या कडीला बांधा, विषय संपला. आता नीट वाचा. तुमची करकेन्नाची माणसं नांगर टाकण्यात जगात सगळ्यात अडाणी. मीही तिथलाच म्हणून बोलतो. आपल्याकडं पाणी कमरेएवढं. माणूस पडला तर उभा राहतो आणि शिव्या देतो. बुडायचंच असेल तर आधी गुडघे टेकावे लागतात. त्यामुळं आपण नांगर म्हणजे दगड समजतो. टाकला धप्पकन, झालं. मी इथं उत्तरेला आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात मालकाची होडी खडकावर घातली होती. तेव्हा शिकलो.

खाडीच्या तोंडाशी सहा मीटर पाणी आहे. तिथं आधी होडीचं नाक वाऱ्याकडं करायचं. वारा आणि पाण्याची ओढ वेगवेगळी असली तर बाजूच्या होड्या कुणीकडं तोंड करून उभ्या आहेत ते बघायचं. मग इंजिन हळू, होडी थांबू द्यायची. पुढं जाऊन नांगर हातानं सोडायचा, फेकायचा नाही. तळाला लागला की होडी आपोआप मागं सरकेल, तसा दोर सोडत जायचा. दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. हे दोनदा वाचा. भरपूर दोर गेला की कडीला बांधायचा आणि इंजिन जरा मागं घ्यायचं, म्हणजे नांगर रुततो. मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, खजुराचं झाड आणि त्यामागची मशीद, काहीही. रेषा मोडली नाही, तर होडी धरली.

जेवताय का? सिहेम म्हणत होती, ब्रेड आणि टोमॅटोवर काढताय दिवस.

अल्लाला

*

अल-अताया
२४ एप्रिल

आदरणीय सी अल्लाला,

आपल्या सूचना मी वहीत उतरवून घेतल्या आहेत. त्या स्पष्ट आहेत. जेवणाबाबत सिहेमने अतिशयोक्ती केली आहे. मी अंडीही खातो.

मात्र मूळ प्रश्नाचे उत्तर आपल्या पत्रात नव्हते. "असेल काहीतरी" हे उत्तर मी तीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही विद्यार्थ्याकडून स्वीकारलेले नाही. मी तीन शक्यता मांडल्या आहेत.

पहिली: तिचा उजवा खांदा दुखत असे, म्हणून वजन उचलून पुढे जाणे टाळण्यासाठी दोर हाताशी ठेवला असावा. परंतु खांदा नव्वद सालापासून दुखू लागला आणि कडीवरचा रंग त्याहून बराच जुना आहे. दुसरी: ऑक्टोपस धरायची मडकी ती मागच्या बाजूने ओढत असे, म्हणून होडी मागूनच धरून ठेवणे सोयीचे असावे. परंतु मडकी सगळेच मागून ओढतात आणि दोर पुढेच बांधतात. तिसरी शक्यता मला अधिक पटते. मब्रूका स्वभावतः खोल पाण्याला भीत असे. वाळूच्या पट्ट्यापलीकडे ती कधीही थांबली नाही. मी एकदा सुचवलेही होते, की पलीकडे पाणी किती निळे दिसते, जरा जाऊन पाहू. ती म्हणाली, "इथंच बरं आहे." उथळ पाण्यात दोर कोठेही बांधला तरी चालते, म्हणून तिने जवळच्या खुंटीला बांधला.

तरीही एवढ्याने माझे समाधान होत नाही. घरातील कात्रीसुद्धा ती ठरावीक खिळ्याला अडकवीत असे. तिने काहीही उगाच केले नाही. कारण समजेपर्यंत तिने बांधलेली गाठ सोडण्याचा अधिकार मला नाही, असे मी मानतो. त्यामुळे दोर मी आहे तेथेच ठेवणार आहे आणि पंधरा मे, रविवारी, तसाच सराव करणार आहे. दोर नऊ मीटर आहे. पाणी सहा मीटर. म्हणजे तीन मीटर शिल्लक राहतात. हे पुरेसे वाटते.

आपला,
नूरी

*

बिझर्त
५ मे

सी नूरी,

तीन मीटर शिल्लक! अहो, नांगर म्हणजे काय छताला टांगलेला दिवा आहे का? तो तळावर आडवा पडायला हवा. ओढ जमिनीलगत आली तर त्याचे दात रुततात. ओढ वरून आली तर ते उपटतात. पाण्याच्या सातपट दोर लागतो. सहा मीटरला बेचाळीस. वर नांगराला दोन-तीन मीटर साखळी जोडा, म्हणजे दोराचं टोक खाली दबून राहील. तुम्ही गणिताचे ना? मग काढा हिशेब.

आणि दोर मागं नको. हात जोडतो. होडीचं नाक उंच असतं, टोकदार असतं, लाट आली की दोन्हीकडं फुटते. मागची फळी बघा कशी आहे. सपाट आणि बुटकी, वर इंजिनाचं ओझं. मागून बांधली की ओढीनं ती आणखी खाली बसते आणि लाट सरळ आत. बादलीनं पाणी ओतावं तशी. दुसरी लाट यायच्या आत होडी जड झालेली असते. मोठमोठे गेलेत असे, ज्यांना पोहता येत होतं ते.

कारण कारण काय करताय. मला नाही माहीत. ती गेली, आता तिला कुठं विचारायचं? ती खोल पाण्याला भीत होती म्हणता, तर ती काय करत होती ते कशाला करता? पुढं बांधा आणि परीक्षा पास व्हा. झालं.

रागावू नका. मी ओरडूनच लिहितो. स्वतःला ऐकू येत नाही ना.

अल्लाला

*

अल-अताया
१९ मे

आदरणीय सी अल्लाला,

दोराच्या लांबीविषयी आपले म्हणणे पूर्णतः बरोबर आहे, हे मी मान्य करतो. पाण्याच्या दीडपट दोर असल्यास तो तळाशी सुमारे बेचाळीस अंशांचा कोन करतो; सातपट असल्यास केवळ आठ अंशांचा. आकृती काढताच मला शरम वाटली. असे उदाहरण हाताशी असताना मी तीस वर्षे मुलांना भिंतीला टेकलेल्या शिडीचे कोन काढायला लावत होतो. मी बेचाळीस मीटर दोर आणि तीन मीटर साखळी आणली आणि नांगर फेकला नाही, सोडला. पाय वेटोळ्यात ठेवला नाही.

गाठ मात्र मी मागच्या खुंटीलाच मारली.

रविवारी सकाळी दहा वाजता खाडीच्या तोंडाशी पोहोचलो. नांगर उत्तम रुतला. खजूर आणि मशीद यांची रेषा जराही मोडली नाही. मी इंजिन बंद केले. सुमारे वीस मिनिटे सर्व ठीक होते. नंतर ओहोटी लागली आणि आग्नेयेचा वारा तिच्या विरुद्ध उठला. होडीत पाणी आले. त्याचे प्रमाण लक्षणीय होते. इंजिन सुरू करण्याचा मी प्रयत्न केला, तोवर ते भिजले होते. गाठ सोडण्याचा प्रयत्न केला. ती ओढीने इतकी आवळली होती की बोटांना दादच देईना. नांगर इतका चांगला रुतला होता की तोच मला खाली धरून ठेवीत होता. आपण लिहिलेली दुसरी लाट आली, त्यानंतर तिसरीही.

खमैस जवळच मडकी उचलत होता. त्याने येऊन चाकूने दोर कापला. होडी क्षणात वळली आणि तरंगली. मला ओढत परत आणताना तो सारखा बोलत होता. त्यातील लिहिण्याजोगे एवढेच: "उस्ताद, ती काय गाढव आहे, शेपटीला धरून बांधायला? आणि गाढवसुद्धा लाथ मारतं की!" धक्क्यावर पोहोचल्यावर मात्र त्याने आपला कोट माझ्या खांद्यावर टाकला आणि दुसऱ्या कोणाशी तो त्याबद्दल बोलला नाही.

मी सुखरूप आहे. थोडा खोकला आहे. सिहेमला कळवू नये, ही विनंती.

मी दुसरा नांगर आणला आहे. सहा जूनला पुन्हा जाणार आहे. दोर कोठे बांधायचा, हे मी अद्याप ठरवलेले नाही. सी अल्लाला, आपल्या पत्रातील "मला नाही माहीत" हे वाक्य मी अनेकदा वाचले. न येणारे उत्तर आणि न सांगायचे उत्तर यांतला फरक शिक्षकाला ओळखता येतो. जी स्त्री कात्रीचा खिळा बदलू देत नसे, तिने चोवीस वर्षे चुकीची गाठ मारली, हे मी मानू शकत नाही. तिचे कारण मला समजले नाही, तर मी ती गाठ पुन्हा तेथेच मारीन. यात हट्ट नाही. तिची म्हणून माझ्याकडे उरलेली हीच एक गोष्ट आहे, जिचा अर्थ मला लागलेला नाही.

आपला,
नूरी

*

बिझर्त
२४ मे

अरे बाबा नूरी,

मानाचं सी-बी बाजूला ठेवतो. तू मरायला निघालास आणि वर अंश मोजतोस!

तिनं मला शपथ घातली होती. मी पाळली. आता नाही पाळत. देव बघून घेईल आणि ती भेटली की तीही बघून घेईल.

ती खोल पाण्याला भीत नव्हती. ती चौदा वर्षांची होती तेव्हापासून बाबांबरोबर त्याच खाडीच्या तोंडाशी जात होती. त्याच्याही पलीकडं, वीस मीटर पाण्यात नांगर टाकायची, एकटी, पुढून, उभं राहून. मला जमायचं नाही एवढं साफ. बाबा म्हणायचे, हा मुलगा मला चुकून झाला, मुलगा खरा ती आहे.

सत्तर साली होडी घेतली. पहिल्या रविवारी तू गेलास तिच्याबरोबर. आठवतंय? तू पुढं बसलास, मांडीवर वह्या. ती नांगर घेऊन तुझ्या अंगावरून पुढं आली. परत उचलताना दोराबरोबर चिखल आला, शेवाळ आलं, आणि ते सगळं वह्यांवर पडलं. तू ओरडला नाहीस. तू कुठला ओरडतोस! तू म्हणालास, "मब्रूका, या मुलांच्या वह्या आहेत." बस. वही मिटलीस आणि घरी येईपर्यंत बोलला नाहीस.

पुढच्या रविवारी दोर मागं.

मी त्या उन्हाळ्यात आलो होतो, बघितलं, तिच्यावर खवळलो. म्हटलं, मरशील. ती म्हणाली, "पट्ट्याच्या अलीकडं थांबते ना. तिथं काय होतंय." मी म्हटलं, "मग त्याला सांग की! दोन मिनिटं ऊठ म्हणावं, नांगर टाकू दे, मग बस पुन्हा. राजा आहे का तो?" ती म्हणाली, "वाचत असतो."

एवढंच. "वाचत असतो." जणू कुणी नमाज पढत असावं.

मी म्हटलं, त्याला मागं बसव. तर म्हणे इंजिनाच्या आवाजानं तुझं डोकं दुखतं. म्हटलं, मग घरी ठेव. तेव्हा मात्र ती माझ्याकडं रोखून बघायला लागली. म्हणाली, "आठवड्यात तोच एक दिवस असतो माझ्याजवळ. त्याला सांगितलंस तर याद राख. तो यायचाच बंद होईल."

चूक नव्हती तिची. तिला पक्कं माहीत होतं ती काय करतेय, आणि म्हणूनच ती कधी खोल पाण्यात गेली नाही. तू काहीही माहीत नसताना गेलास.

झालं तुझं कारण. आता दोर पुढं बांध.

अल्लाला

*

बिझर्त
१७ जून

सी नूरी,

तीन आठवडे झाले. उत्तर नाही. सहा जून होऊन गेला.

सिहेमला फोन करवला. ती म्हणते, बाबा बरे आहेत, धक्क्यावर जातात, होडीत बसून राहतात, होडी सोडत नाहीत. खमैसकडूनही निरोप आला: "उस्ताद बोलत नाही, पण आता जेवायला माझ्याकडं येतो."

मी सांगायला नको होतं का? फाटमा म्हणते, नको होतं. पण मग तुम्ही बुडाला असता. तीस तारीख जवळ आली. होडी विकायची असेल तर विका, मी काही म्हणणार नाही. पण एक ओळ लिहा.

अल्लाला

*

अल-अताया
२९ जून

आदरणीय सी अल्लाला,

विलंबाबद्दल क्षमा असावी. होडी काल माझ्या नावावर झाली. कागदावर शिक्का बसला आहे.

आपण सांगायला नको होते का, असे आपण विचारता. सांगायलाच हवे होते, आणि चोवीस वर्षांपूर्वी सांगायला हवे होते. मात्र तेव्हा सांगितले असते तर मी काय केले असते, याचा मी तीन आठवडे होडीत बसून विचार केला. मी निश्चितच योग्य आणि सभ्य असे काहीतरी बोललो असतो आणि पुढच्या रविवारपासून घरी वह्या तपासू लागलो असतो. तिने मला अचूक ओळखले होते. मला सर्वांत जड जाते ते हेच. वह्या तर मी कोठेही तपासू शकलो असतो. मी तेथे जात होतो कारण ती तेथे असे. हे मी तिला कधी बोलून दाखवले नाही, आणि तिला वाटत राहिले की मी वाचायला येतो.

आता परीक्षेविषयी, कारण आपण वाट पाहत असाल.

कचेरीचा अधिकारी लझहर हा स्थूल आणि आनंदी गृहस्थ निघाला. होडीत पाऊल ठेवताच त्याने चौफेर पाहिले आणि नोंदवही गुडघ्यांवर घेऊन पुढच्या फळीवर बसला. अर्थात तीच एक कोरडी फळी होती. वाटेत तो त्याच्या सासूविषयी बोलत होता. खमैस धक्क्यावरून ओरडला, "साहेब, पोहता येतं ना? नाही, उस्तादाला येत नाही म्हणून विचारलं!" लझहर मोठ्याने हसला, पण नंतर बराच वेळ त्याने होडीची कड धरून ठेवली होती.

वारा ईशान्येचा होता, मंद. तोंडाशी दोन होड्या नांगरलेल्या होत्या. त्यांची नाके पाहून मी आमचे नाक तिकडे केले आणि इंजिन मंद केले. होडी थांबली. दोर पुढच्या कडीला मी सकाळीच बांधला होता. नांगर उचलून मी पुढे गेलो. लझहर वाटेत बसला होता, मान खाली घालून काहीतरी लिहीत.

सी अल्लाला, मी तेथे उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. हातात नांगर होता. मग मी म्हणालो, "जरा उठता का? दोर इथून सोडायचा आहे."

तो म्हणाला, "हो, हो, उठतो की," आणि उठला. वही काखेत धरून माझ्या बाजूने मागे गेला आणि इंजिनाजवळ जाऊन बसला. तेथे बसून पुन्हा लिहू लागला.

मी पुढच्या रिकाम्या फळीपाशी उभा होतो. होडी वाऱ्याबरोबर मागे सरकू लागली होती.

मागून लझहरने विचारले, "काय झालं, उस्ताद? काही विसरलात का?"

"नाही," मी म्हणालो, आणि नांगर पाण्यात सोडला.

आपला,
नूरी